तासाला पंधराशे: मैत्रिणीला आठ लाख देण्याआधी घेतलेला वकिली सल्ला

फी १५०० रुपये, तासाची. पावती मागितली तर मिळते, न मागितली तर नाही. मला शनिवारी संध्याकाळी साडेपाचची वेळ दिली होती आणि आत बोलावलं पावणेसातला. चेंबर दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, जिन्याला कठडा एकाच बाजूला. गुडघे दुखत असतील तर सोबत कुणाला तरी न्या. कोल्हापुरात सीपीआर रुग्णालयासमोरच्या जुन्या कोर्टाच्या इमारतीत ऑगस्ट २०२५ पासून हायकोर्टाचं सर्किट बेंच सुरू झालंय. तेव्हापासून त्या भागात स्कूटर लावायलाही जागा नाही, त्यामुळे रिक्षाने जाणं बरं.

वकील मॅडमचं नाव लिहीत नाही. मी त्यांना विचारलं होतं. म्हणाल्या, "नको बाई, आम्हाला जाहिरात चालत नाही, बार कौन्सिलचा नियम आहे." मग हे लिहून उपयोग काय, असं कुणी म्हणेल. पण हातउसने पैसे देण्याच्या आधीही वकिलाकडे जाता येतं, हे मला अठ्ठावन्न वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. आपल्याकडे वकिलाची पायरी चढायची ती पैसे बुडाल्यावर.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होते. ३१ मे २०२५ ला निवृत्त झाले. (कागदावर जन्मतारीख १ जून. माझ्या पिढीतल्या निम्म्या मास्तरांची तीच आहे. आई म्हणायची, तू गणपतीतली.) ग्रॅच्युइटी, फंड, शिल्लक रजेचे पैसे, सगळं मिळून सप्टेंबरच्या अखेरीस खात्यावर आलं. ही बातमी मैत्रिणीच्या गावी, हुपरीपर्यंत पोचायला महिनासुद्धा लागला नाही. बातमी मीच सांगितली होती, आनंदाने, फोनवर.

मैत्रीण डी.एड.पासूनची. दोन वर्षं एका खोलीत राहिलो. माझ्या पहिल्या बाळंतपणात आई अंथरुणावर होती, तेव्हा हिने सव्वा महिना माझ्याकडे काढला, बाळाला तेल लावण्यापासून सगळं केलं. तिने नोकरी केली नाही. लग्न हुपरीत झालं, चांदीचं काम करणाऱ्या घरात. पैंजण, जोडवी, मासोळ्या. घरात खाली भट्टी आणि ठोकाठोक, वर माणसं. पैंजणांना घुंगरू जोडायला गल्लीतल्या सात-आठ बायका येतात.

दिवाळी झाल्यावर फराळाचा डबा घेऊन आली. चकली फार छान झाली होती. दुसरी चकली माझ्या हातात असताना म्हणाली, "आठ लाख दे. वर्षात देतो." आमच्याकडच्या बायका 'देतो, जातो'च म्हणतात, कोल्हापूरच्या बाहेरच्यांसाठी सांगते. "देतो की गं, मी काय गाव सोडून पळून जातो काय? आणि ते जमत नसलं तर पतसंस्थेत जामीन तरी ऱ्हा. नुसती सही."

पुढच्या दोन आठवड्यांत मला जितके सल्ले मिळाले तितके मुलाच्या लग्नातही मिळाले नव्हते. आमचे हे म्हणाले, "तुझे पैसे, तुझी मैत्रीण." ऐकायला हे उदार वाटतं. अर्थ असा की, बुडाले तर माझ्यासमोर रडायचं नाही. मुलगा पुण्याहून एका शब्दात 'नाही' म्हणाला आणि मीटिंगला गेला. जाऊबाईंचं म्हणणं, दहा-वीस हजार देऊन मोकळी हो. भाचा म्हणाला, पाचशेच्या स्टॅम्पवर लिहून नोटरी करून घे, झालं. भाच्याला वाटतं नोटरीचा शिक्का बघितला की पैसे आपण होऊन घरी येतात. शेवटी शेजारच्या निवृत्त तलाठ्यांनी या मॅडमचा नंबर दिला.

बाहेरच्या बाकावर सव्वा तास बसले. बाकावर माझ्याआधी दोघे भाऊ होते, एकमेकांकडे पाठ करून. चहा आला, चांगला होता. फाइल उघडून देणारी ज्युनिअर मुलगी माझ्याच शाळेच्या शेजारच्या गावची निघाली, त्यामुळे 'बाई' म्हणायला लागली आणि ते ऐकून मॅडमही 'बाई'च म्हणायला लागल्या.

मी तयारी करून गेले होते, मैत्रीण किती भरवशाची आहे ते सांगायची. सव्वा महिन्याची गोष्ट सुरू केली. मॅडमनी दोन मिनिटं ऐकलं आणि विचारलं, "पैसे कशाला हवेत त्यांना?"

"धंद्यात अडचण आहे."

"कसली?"

मला माहीत नव्हतं. पस्तीस-चाळीस वर्षांची मैत्री, आणि मी विचारलंच नव्हतं. विचारणं म्हणजे संशय घेणं, असं काहीतरी डोक्यात होतं. मॅडम म्हणाल्या, "लावा फोन. इथूनच. मी मध्ये बोलणार नाही." मी गॅलरीत जाऊन बावीस मिनिटं बोलले. ती बावीस मिनिटं त्यांनी तासात धरली नाहीत. हे मुद्दाम लिहिते आहे.

फोनवर कळलं ते असं. गुढीपाडव्याला तिच्या घरच्यांनी एका व्यापाऱ्याकडून बारा किलो चांदी उसनी घेतली होती. उसनी म्हणजे वजनावर. परत द्यायचे होते ते बारा लाख नव्हेत, बारा किलो. त्या वेळी किलोचा भाव लाखाच्या आसपास होता. माल तयार झाला, अक्षय्य तृतीयेच्या सुमाराला विकला गेला, पैसे आले. त्यातून लगेच चांदी घेऊन ठेवायची, तर ते पैसे वरच्या मजल्याच्या स्लॅबमध्ये गेले. पावसाच्या आत स्लॅब उरकू, चांदी काय श्रावणात घेऊ. श्रावणात भाव वर, गणपतीत आणखी वर. दिवाळीच्या तोंडावर तर वेड्यासारखा चढला, मग थोडा उतरला, तरी दीड लाखाच्या घरात राहिला.

मॅडमनी एका जुन्या केसच्या कागदाच्या पाठकोऱ्या बाजूवर हिशोब मांडला. बारा लाखांचं देणं अठरा लाखांचं झालेलं. "आणि त्या आठ मागतात. उरलेले दहा?" मी परत गॅलरीत. उरलेल्यात चार लाख तिचा भाऊ देणार होता, दीड-दोन लाखांचं सोनं मोडायचं होतं आणि बाकीचं 'बघू'.

"बाई, तुमची मैत्रीण खोटं बोलत नाही," मॅडम म्हणाल्या, "पण तिच्या घरात कुणाला पुरा आकडा माहीत नाही. तुम्ही आठ दिलेत, बाकीचे जमले नाहीत, तर राहिलेली चांदी किलोतच राहणार. भाव चढत गेला तर वर्षाने त्या तिथेच उभ्या असतील आणि तुमचे आठ लाख त्यात विरघळलेले असतील. आधी त्यांना व्यापाऱ्यासमोर बसवा. देणं किलोतून रुपयांत करून घ्या. मग कोण किती देतं ते बघा."

मी परीक्षण लिहायला बसले ते या एका सल्ल्यासाठी. घरातल्या सगळ्यांनी मला सांगितलं होतं, ती पैसे परत देईल की नाही याचा विचार कर. खड्डा किती खोल आहे आणि तो अजून खचतो आहे का, हे कुणी विचारलं नव्हतं. मीही नाही, आणि मी वर्गात सरळव्याज शिकवलं आहे.

मग माझ्या पैशांकडे वळल्या. पंधरा लाख पोस्टात, ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ठेवायचा माझा विचार होता. व्याज तेव्हा ८.२ टक्के, दर तीन महिन्यांनी खात्यावर. मॅडमच्या आईंचं तिथे खातं आहे, त्यामुळे नियम त्यांना पाठ. मी साठीच्या आतली. निवृत्त झालेल्याला साठीच्या आत हे खातं उघडायचं तर निवृत्तीचे पैसे हातात आल्यापासून तीन महिन्यांत उघडावं लागतं. ती मुदत चुकली की साठ पूर्ण होईपर्यंत थांबा. पैसे सप्टेंबरअखेर आलेले, म्हणजे माझ्याकडे डिसेंबरअखेरपर्यंत वेळ होता. आठ लाखांवरचं व्याज तिमाहीला १६,४०० रुपये, वर्षाला ६५,६००. 'बिनव्याजी दे' या शब्दाची किंमत मी पहिल्यांदा आकड्यात बघितली. मी म्हटलं, सगळेच पोस्टात टाकते, आणि वेळ आली तर त्यातले काढून देते. तर तसं जमत नाही. त्या खात्यातून थोडे काढता येत नाहीत, अख्खं खातं मोडावं लागतं, आणि वर्षाच्या आत मोडलं तर दिलेलं व्याजही कापून घेतात.

जामिनाचं प्रकरण दोन मिनिटांत संपलं. मला ते सगळ्यात सोपं वाटत होतं, नुसती सही. १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. आधी तिच्याकडे जा, मग माझ्याकडे या, असं पतसंस्थेला म्हणता येत नाही. "आठ लाख दिलेत तर आठ लाख जातील. जामीन राहिलात तर किती जातील ते व्याज ठरवेल." सही नाही.

मैत्रिणीला रोख हवे होते, कारण घरच्या खात्यावर कॅश क्रेडिट, म्हणजे धंद्याचं फिरतं कर्ज आहे आणि तिथे आलेला पैसा आधी बँकेच्या बाकीत बुडतो. तिचं म्हणणं चूक नव्हतं. पण वीस हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीने उसनी घेणं आयकर कायद्यात बसत नाही, १९६१ च्या कायद्याचं कलम २६९ एसएस. दंड घेतलेल्या रकमेइतकाच, आणि तो देणाऱ्याला नसून घेणाऱ्याला. म्हणजे मी प्रेमाने पिशवीत घालून आठ लाख दिले असते आणि तिला आठ लाखांचा दंड लावून ठेवला असता. परतफेडीलाही तोच नियम. उपाय साधा: तिच्या एकटीच्या नावावरचं बचत खातं.

व्याज लावता येईल का, हेही विचारलं. (लावायचं नव्हतं, पण १५०० दिलेत तर विचारून घ्यावं.) एका मैत्रिणीला एकदा लावलं तर अडचण नाही, ते माझ्या उत्पन्नात दाखवायचं. चौघींना व्याजाने द्यायला लागले तर ती सावकारी, तिला २०१४ च्या कायद्याने परवाना लागतो. आमच्या भिशीतल्या एका बाईंचा चेहरा डोळ्यांसमोर आला. असो.

आता कागदपत्रं. मला वाटत होतं इथे जाडजूड करार निघेल. मॅडम म्हणाल्या, वचनचिठ्ठी (प्रॉमिसरी नोट) पुरते. एक पान. त्यावर रुपयाचं रेव्हेन्यू तिकीट, आणि सही तिकिटावरून कागदावर उतरेल अशी. तिकीट सही करतानाच लावायचं. इतर कागदांना नंतर दंड भरून तिकीट लावता येतं, वचनचिठ्ठीला ती सोय नाही, बिनतिकिटाची चिठ्ठी कोर्टात पुरावा म्हणून चालत नाही. 'मागताच देईन' अशी चिठ्ठी असेल तर दावा लावायची मुदत चिठ्ठीच्या तारखेपासून तीन वर्षं. त्या आत बाकी कबूल असल्याचं सहीनिशी लिहून घेतलं तर त्या दिवसापासून पुन्हा तीन. व्हॉट्सॲपवरच्या 'बघू गं' वर मी मुदत मोजणार नाही, असं त्या म्हणाल्या.

आणि मग चेक. पुढच्या तारखेचे चेक घेऊन ठेवायचे, हे मी मनात पक्कं केलं होतं. तलाठ्यांनीही तेच सांगितलं होतं. मॅडमनी सगळं समजावलं: चेक परत आल्याचं बँकेने कळवल्यापासून तीस दिवसांत नोटीस, नोटीस पोचल्यावर पंधरा दिवस वाट बघायची, मग महिन्याच्या आत फिर्याद. दोन वर्षांपर्यंत कैद, नाहीतर रकमेच्या दुपटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही. मग पेन खाली ठेवून म्हणाल्या, "बाई, घालाल केस?"

बाहेर ज्युनिअर काहीतरी टाइप करत होती. मी म्हटलं, "नाही."

"त्यांना हे माहीत आहे?"

"असणारच."

"मग चेक घेऊ नका. वापरायचा नसलेला चेक मैत्रिणीकडून कशाला लिहून घ्यायचा? तिला टोचेल आणि तुम्हाला कामाला येणार नाही. तुम्ही एक करा. बुडाले तरी तिच्या घरी हळदीकुंकवाला जाल, असा आकडा लिहा." आणि तो पाठकोरा कागद माझ्याकडे सरकवला.

मी तीन लिहिलं. मग खोडलं आणि दोन लिहिलं. दोन लाख. माझं मलाच वाईट वाटलं. सव्वा महिना बाळंतपण केलेल्या बाईची माझ्याकडची किंमत दोन लाख निघाली, असं वाटलं. मॅडमना बोलून दाखवलं नाही, पण त्यांनी ओळखलं असावं. म्हणाल्या, ते पैसे व्यापाऱ्याला देऊ नका, त्या ढिगात ते दिसणार नाहीत. जिथे दोन लाखांनी काम पुरं होतं अशी जागा त्यांनाच विचारा. अशी जागा निघाली: घुंगरू जोडणाऱ्या बायकांची आणि दोन कारागिरांची दसऱ्यापासून थकलेली मजुरी. ती दिली नसती तर ती माणसं दुसऱ्या घरी गेली असती आणि कामच थांबलं असतं.

तक्रारीही आहेत. तासाभरात पाच फोन घेतले, त्यातला एक मुलीच्या ट्यूशनचा. पैसे ऑनलाइन द्यायचे तर ज्युनिअरच्या नंबरवर, हे मला रुचलं नाही. आणि वचनचिठ्ठीच्या एका पानाला वेगळे ८०० रुपये घेतले. त्या पानावर माझी मैत्रीण 'सदर इसम' होती आणि तिचं गाव गडहिंग्लज होतं. कुणाची तरी जुनी चिठ्ठी उघडून नावं बदललेली. मी आयुष्यभर वह्या तपासल्या आहेत, लाल पेनाने दुरुस्त करून परत दिली. हसल्या आणि दुसरी काढून दिली, पण आठशे कमी केले नाहीत. बोलणंही जरा फटकळ आहे. रडायला जायचं असेल तर दुसरीकडे जा.

पाचपैकी चार देते. एक तारा सव्वा तासाच्या बाकाचा आणि गडहिंग्लजचा.

मैत्रिणीला सांगितलं तेव्हा ती पैशांवर काही बोलली नाही. म्हणाली, "माझ्यापायी वकिलाकडं गेलीस?" आणि फोन ठेवला. अकरा दिवस फोन नाही. आमच्यात इतका खंड कधीच पडला नव्हता, बाळंतपणानंतर तर नाहीच. बाराव्या दिवशी थोरल्या मुलाला घेऊन आली. डबा नव्हता आणला. मुलगा समजूतदार आहे. त्याने मॅडमचा तो कागद बघितला, फोटो काढला, आणि तो घेऊन बापाला व्यापाऱ्यासमोर बसवलं. व्यापारी सात किलो त्या दिवशीच्या भावाने रुपयांत करायला तयार झाला, हप्त्यांवर. पाच किलो वजनावरच राहिले. डिसेंबर संपता संपता भाव दोन लाखांच्या पुढे गेला, तेव्हा त्या पाच किलोंनी त्यांच्या घरात काय झालं ते मी इथे लिहीत नाही. बाराच्या बारा किलोत राहिले असते तर, असं तिचा मुलगा एकदा फोनवर म्हणाला आणि पुढचं बोलला नाही.

दोन लाख तिच्या खात्यावर नोव्हेंबरअखेर गेले. तेरा लाख पोस्टात, मुदतीच्या आत. तिकिटावर सही करताना तिने विचारलं, "अशी आडवी?" दोघींना हसू आलं, पण पूर्वीसारखं नाही. परतफेड महिन्याला दहा हजार, पाच तारखेला. डिसेंबरचा पाचला आला. जानेवारीचा नऊला. ते चार दिवस मी फोन केला नाही, बँकेचं ॲप मात्र दिवसातून सहा वेळा उघडलं. फेब्रुवारीचा पाचला आला, सकाळी सातच्या आत.

मधे संक्रांतीचं हळदीकुंकू झालं. जाऊ की नको करत गेले. तिने वरच्या नव्या मजल्यावर बसवलं होतं, अजून रंग व्हायचाय. वाणात स्टीलची वाटी होती. घुंगरू जोडणाऱ्या बायकाही होत्या, त्यांतल्या एकीने मला तिळगूळ देताना हात जरा जास्त वेळ धरला. तिला काय माहीत होतं, कोण जाणे. मी वर बघितलं. स्लॅब चांगला पडलाय. पावसाळ्यात एक थेंब गळला नाही, असं तिची सासू दोनदा सांगून गेली.